घाटे अळीची इवलीशी वैरीण

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरीचे धरण १९६८ साली पूर्ण झाले. या भागातील काळ्या जमिनीत रब्बी हंगामात ज्वारीच्या जोडीने हरभरा उभा राहतो आणि त्याच्या मागोमाग घाटे अळीही येते. डोके घाट्यात व धड बाहेर ठेवून ती दाणे कशी फस्त करते, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. परंतु तिचा काळ ठरणारी एक इवलीशी गांधीलमाशी त्याच शेतात वावरत असते, याची जाणीव फार थोड्यांना आहे.

गांधीलमाशी म्हटले की पोळे, दंश आणि सूज आठवते. वस्तुतः गांधीलमाश्यांच्या असंख्य जाती पोळे बांधीतच नाहीत. त्यांची मादी एकटी जगते व दुसऱ्या कीटकाच्या देहावर आपली संतती वाढविते. घाटे अळीवर जगणाऱ्या अशा जातीचे शास्त्रीय नाव 'कॅम्पोलेटिस क्लोरिडी' असे आहे. लांबी अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास, अंग काळे, पोटाचा काही भाग तांबूस, कंबर दोऱ्यासारखी बारीक आणि मिशा लांब. माणसाला तिचा उपद्रव नाही.

ही मादी अगदी लहान अळ्या हेरते. अंडनलिका खुपसून अळीच्या शरीरात ती एकच अंडे घालते. अंड्याबरोबर एक विषाणूही आत सोडला जातो व त्यामुळे अळीची प्रतिकारशक्ती लुळी पडते. अंड्यातून निघालेला जीव अळीला आतून खात वाढतो, आठवडाभरात बाहेर येतो आणि तिथेच करडा-पांढरट कोष विणतो. शेजारी अळीची सुरकुतलेली कातडी तेवढी उरते. एका अळीत दोन अंडी पडलीच तर आतल्या आत झुंज होऊन एकच जीव तगतो. मुख्य लाभ हा की, अळी घाटे पोखरण्याइतकी मोठी होण्यापूर्वीच मरते. पानावरचा हा कोष किडीचाच समजून चिरडला जातो, ही मोठी चूक होय.

घराच्या भिंतीवर मातीचे घरटे करणारी कुंभारीण हिचीच दूरची नातलग. तिने कोंडलेली अळी तिचाच ध्यास घेऊन भृंगी होते, हा दृष्टांत संतवाङ्मयातून घरोघरी पोहोचला आहे. दृष्टांत म्हणून तो सुंदरच. पण घडते ते निराळे. कुंभारीण अळीला दंशाने बधिर करून घरट्यात ठेवते, घरट्यात आपले अंडे घालते आणि तिचे पिल्लू ती शिदोरी खाऊन पंख फुटल्यावर बाहेर पडते.

ट्रायकोग्रामा या मित्रकीटकाची कार्डे अनेकांच्या परिचयाची आहेत. तो किडीच्या अंड्यांवरच घाला घालतो. हरभऱ्यावर मात्र त्याचा फारसा प्रभाव पडत नाही, कारण या पिकाच्या अंगावरची आंब त्याला मानवत नाही. कॅम्पोलेटिस या आंबेला न जुमानता काम करते, म्हणून हरभऱ्यात तिचे मोल अधिक.

पहिली अळी दिसताच तीव्र कीटकनाशक फवारले, तर अळीबरोबर ही वैरीणही मरते आणि पुढची पिढी मोकाट सुटते. मग पुन्हा फवारणी व पुन्हा खर्च. फवारणीची किंमत केवळ पैशांतच मोजावी लागते असेही नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले होते. सुरुवातीच्या काळात निंबोळी अर्क, पक्ष्यांसाठी थांबे आणि अळ्यांची प्रत्यक्ष मोजणी यांवर भर देऊन तीव्र औषध अगदी गरज पडेल तेव्हाच वापरणे हिताचे ठरते.

शाळेतील मुलांना हे सारे डोळ्यांनी दाखविता येते. हरभऱ्यावरील लहान अळ्या आणून प्रत्येक अळी वेगळ्या बाटलीत ठेवावी, कारण एकत्र ठेवल्यास त्या एकमेकींना खातात. रोज ताजा पाला घालावा आणि तोंडाला पातळ फडके बांधावे. आठ-दहा दिवसांत काही बाटल्यांत अळीऐवजी कोष दिसेल व त्यानंतर आठवडाभरात माशी. ओळख पटली नाही, तर ती बाटली परभणीच्या कृषी विद्यापीठातील कीटकशास्त्रज्ञांना दाखवावी. माशीला हातही न लावता शेतात सोडून द्यावे. हरभऱ्यात कोथिंबिरीच्या चार ओळी असतील, तर तिथल्या फुलांतला मध तिला पुरतो.