बजरीगर पक्ष्याची वीण

बजरीगर (शास्त्रीय नाव: मेलोप्सिटॅकस अनड्युलेटस) हा मूळचा ऑस्ट्रेलियातील, पोपटांच्या गटातील लहान पक्षी होय. तो जगभर पिंजऱ्यात पाळला जातो. भारतात त्याला सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणतात. प्रत्यक्षात लव्हबर्ड हे आफ्रिकेतील अ‍ॅगापोर्निस या वेगळ्या प्रजातीतील पोपट आहेत. बजरीगर पिंजऱ्यात सहज अंडी घालतो. मात्र निसर्गात विणीला आवर घालणारी परिस्थिती तेथे नसल्याने सततच्या विणीमुळे मादीच्या जिवाला धोका संभवतो.

नैसर्गिक अधिवासातील वीण

बजरीगर ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील कोरड्या प्रदेशात थव्याने राहतो. तेथील पाऊस अनियमित असतो. पाऊस पडून गवताचे बी पिकू लागले की हे पक्षी निलगिरीसारख्या झाडांच्या ढोलींत वीण करतात. सर्वसाधारणपणे उत्तर भागात जून ते सप्टेंबर, तर दक्षिण भागात ऑगस्ट ते जानेवारी हा विणीचा काळ असतो. बी मुबलक असेपर्यंत एकामागून एक विणी होऊ शकतात. ते संपले की थवा दुसरीकडे जातो आणि वीण थांबते.

पिंजऱ्यात दाणे बारा महिने मिळतात, दिव्यांमुळे दिवस लांबतो आणि टांगलेले मडके किंवा लाकडी पेटी ढोलीचे काम करते. नराच्या कूजनानेही मादीच्या अंडाशयाची वाढ होते, असे प्रयोगांत दिसून आले आहे.

नर-मादी ओळख

प्रौढ पक्ष्यात चोचीच्या वर, नाकपुड्यांभोवतीच्या त्वचेच्या रंगावरून लिंग ओळखता येते. सामान्यतः नरात ही त्वचा निळी, तर मादीत फिकट किंवा तपकिरी असते. विणीच्या काळात मादीतील ही त्वचा गडद तपकिरी व खरबरीत होते. काही रंगप्रकारांत मात्र हा फरक स्पष्ट नसतो.

अंडी व पिल्ले

मादी साधारणपणे एक दिवसाआड एक याप्रमाणे ४ ते ६ पांढरी अंडी घालते. एक अंडे सुमारे २ ग्रॅम, तर मादी साधारण ३० ते ४० ग्रॅम वजनाची असते. म्हणजे पाच अंड्यांचे वजन तिच्या स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ चौथ्या हिश्शाइतके भरते. अंडी एकटी मादी उबवते आणि नर तिला भरवतो. सुमारे १८ दिवसांनी अंडे फुटते. सर्व अंडी घालून होण्यापूर्वीच उबवणे सुरू होत असल्याने पिल्लेही एकेक करून बाहेर येतात आणि थोरल्या व धाकट्या पिल्लांच्या आकारात मोठा फरक दिसतो. कोंबडीचे पिल्लू जन्मतःच चालते व दाणे टिपते. याउलट बजरीगरचे पिल्लू उघडे व आंधळे असते. ते साधारण ३० ते ३५ दिवसांनी घरटे सोडते. त्यानंतरही काही दिवस मुख्यतः नर त्याला भरवतो.

नराविना अंडी

कोंबडीप्रमाणेच बजरीगर मादीही नराशिवाय अंडी घालू शकते. अशी अंडी अफलित असल्याने त्यांतून पिल्ले निघत नाहीत. ती लगेच काढून घेतल्यास मादी त्यांची भरपाई करण्यासाठी आणखी अंडी घालण्याची शक्यता असते. म्हणून मादीने स्वतःहून उबवणे सोडेपर्यंत ती तशीच ठेवतात किंवा त्यांच्या जागी खोटी अंडी ठेवतात. पाळीव कॉकटील मादीतही वारंवार अंडी घालण्याची प्रवृत्ती आढळते.

अंडे अडकणे

अंड्याचे कवच मुख्यत्वे कॅल्शियम कार्बोनेटचे असते. बाजरी, राळे यांसारख्या दाण्यांत कॅल्शियम कमी असल्याने केवळ त्यांवर वाढणाऱ्या मादीत त्याची उणीव निर्माण होते. कॅल्शियम अंगी लागण्यासाठी ड जीवनसत्त्वही लागते. कॅल्शियमअभावी कवच मऊ राहते, तसेच अंडे बाहेर ढकलणारे स्नायू दुबळे पडतात आणि अंडे अंडनलिकेत अडकते. फार लहान वयातील वीण, थंडी व लठ्ठपणा यांमुळेही हा धोका वाढतो. पिसे फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसणे, कुंथणे, श्वासाबरोबर शेपटी हलणे आणि पाय लुळे पडणे ही लक्षणे दिसतात. उपचार न झाल्यास अल्पावधीत मृत्यू येऊ शकतो. पोट दाबून अंडे काढण्याच्या प्रयत्नात ते आत फुटू शकते. म्हणून मादीला उबेत ठेवून तत्काळ पशुवैद्यकाकडे नेणे आवश्यक असते.

विणीचे नियंत्रण

बजरीगर काही महिन्यांतच प्रजननक्षम होतो; तरी मादी सुमारे एक वर्षाची होईपर्यंत वीण टाळणे आणि दोन विणींनंतर तिला दीर्घ विश्रांती देणे हितावह मानले जाते. त्यासाठी मडके काढून टाकणे, प्रकाशाचा काळ कमी करणे, पिंजऱ्याची मांडणी बदलणे आणि गरज पडल्यास नराला वेगळे ठेवणे हे उपाय योजले जातात. विणीच्या काळात पिंजऱ्यात समुद्रफेन (माकुलवर्गीय सागरी प्राण्याचे अंतर्कवच) टांगल्यास मादीला हवे तेव्हा कॅल्शियम मिळते. विणीचा हेतू नसल्यास मडके मुळातच न ठेवणे हा सर्वांत सोपा उपाय होय.