नोकरी नको, धंदा करायचाय... पण व्हिसाचं काय?

इंग्लंडला शिकायला जाणाऱ्या आपल्या मुलांची एक ठरलेली स्क्रिप्ट असते. लोन, मास्टर्स आणि मग काहीही करून व्हिसा स्पॉन्सर करणारी कंपनी. हल्ली मात्र त्यात एक नवा डायलॉग ऐकू येतो. ‘नोकरी कोणाला हवीय? मला स्वतःचं काहीतरी सुरू करायचंय!’ ऐकायला एकदम झकास. घरच्यांच्या पोटात गोळा येतो, कारण बँकेचा हप्ता त्या नोकरीच्या भरवशावरच घेतलेला असतो. पण घरच्यांना पटवणं त्यातल्या त्यात सोपं. ब्रिटनच्या होम ऑफिसला पटवणं, ही खरी परीक्षा!

आधी एक गोष्ट पाठ करून टाका. स्टुडंट व्हिसावर धंदा करता येत नाही. डिग्रीच्या विद्यार्थ्यांना टर्म चालू असताना आठवड्याला 20 तास नोकरी चालते, पण फ्रीलान्सिंग नाही, कंपनी चालवणं नाही. फ्लॅटमेट्सना पैसे घेऊन पोळीभाजीचा डबा देणं किंवा कोणाच्या लग्नात मेंदी काढून पौंड घेणं, हेसुद्धा स्वयंरोजगारातच मोडतं. ‘कोणाला कळतंय?’ हा आपला लाडका प्रश्न इथे महागात पडू शकतो. पुढचा व्हिसा मागताना आधीच्या अटी पाळल्या का, हे विचारलं जाऊ शकतं.

कोर्स संपला की मिळतो ग्रॅज्युएट व्हिसा. 1 जुलै 2021 ला तो सुरू झाला. मुदत दोन वर्षं, पीएचडीवाल्यांना तीन. मात्र 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्यांना, पीएचडी सोडून, दीडच वर्ष मिळणार आहे. फीशिवाय हेल्थ सरचार्ज म्हणून वर्षाला 1,035 पौंड आधीच मोजावे लागतात. त्या बदल्यात स्वातंत्र्य मात्र भरपूर. नोकरी करा, धंदा करा, दोन्ही करा, कोणी विचारणार नाही. मेख एवढीच की हा व्हिसा वाढवून मिळत नाही आणि तो स्वतःहून तुम्हाला कायमच्या वास्तव्यापर्यंत नेतही नाही.

माझी एक कॉलेजची मैत्रीण आहे. पुण्याची, मास्टर्स लेस्टरमधून. ती खणाच्या कापडाच्या लॅपटॉप बॅगा बनवते. आठवड्यातले तीन दिवस कॅफेत काम, उरलेले दिवस बॅगा. ख्रिसमसच्या आधी तर माल पुरत नाही म्हणते. धंदा खरा आहे, गिऱ्हाईक खरं आहे, हिशेब चोख आहे. तिच्या ग्रॅज्युएट व्हिसाचे आठ महिने उरलेत.

तिच्यासमोरचा पुढचा दरवाजा म्हणजे इनोव्हेटर फाउंडर व्हिसा. एप्रिल 2023 मध्ये तो आला, तेव्हा आधीची 50,000 पौंड भांडवलाची अट काढून टाकली गेली. आपल्यासारख्यांना वाटलं, चला, सुटलो! पण भांडवलाच्या जागी परीक्षा आहे ती आयडियाची. सरकारमान्य मोजक्या संस्थांपैकी एकीने शिक्कामोर्तब करायचं की तुमची कल्पना नावीन्यपूर्ण आहे, चालण्यासारखी आहे आणि मोठी होऊ शकणारी आहे. या तपासणीची फी 1,000 पौंड, शिवाय पुढे प्रगती दाखवायच्या किमान दोन बैठका, प्रत्येकी 500 पौंड. मैत्रिणीला एका संस्थेकडून उत्तर आलं त्याचा मथितार्थ असा, की बॅगा सुंदर आहेत, पण यात नवीन काय?

याउलट तिच्याच ओळखीतला एक नाशिकचा मुलगा. द्राक्षाच्या पानाचा फोटो बघून रोग ओळखणारं सॉफ्टवेअर त्याने केलंय. नाशिकच्या पोराला द्राक्षं काय शिकवायची! आणि केंट-ससेक्समध्ये आता वाइनसाठी द्राक्षमळे आहेतच. गिऱ्हाईक अजून एकही नाही. त्याला शिक्का मिळाला.

मला हे खटकतं, खोटं कशाला बोलू? हाउन्स्लोमध्ये 2010 मध्ये मुंबईच्या दोन मित्रांनी सुरू केलेलं ‘श्री कृष्ण वडापाव’ आज लंडनच्या मराठी माणसाला तोंडपाठ आहे. त्यांच्या व्हिसाशी या गोष्टीचा संबंध नाही. पण आज कोणी पदवीधर वडापावच्या गाडीचा प्लॅन घेऊन या संस्थांकडे गेला, तर ‘नावीन्य’ या रकान्यात तो काय लिहिणार? चटणी? धंदा चालवण्याचं कौशल्य आणि कल्पना मांडण्याचं कौशल्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि हा व्हिसा दुसरीवर जास्त खूश होतो.

शिक्का मिळाला तर मात्र बक्षीस मोठं आहे. तीन वर्षांत कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. त्यासाठी सात निकषांपैकी निदान दोन पूर्ण करायचे. उदाहरणार्थ, 50,000 पौंडांची गुंतवणूक, तीन वर्षांत दुप्पट झालेले ग्राहक किंवा दहा पूर्णवेळ नोकऱ्या. म्हणजे सुरुवातीला काढलेली ती भांडवलाची अट मागच्या दाराने परत डोकावतेच की!

तिसरी वाट तुम्ही सल्लागारांकडून ऐकाल. आपलीच कंपनी काढायची, तिला स्पॉन्सर लायसन्स मिळवायचं आणि तिने आपल्यालाच स्किल्ड वर्कर म्हणून नोकरीवर ठेवायचं. कागदावर शक्य आहे. पण जुलै 2025 पासून या व्हिसाला साधारणपणे वर्षाला किमान 41,700 पौंड पगार लागतो. नुकत्याच पदवीधर झालेल्यांना त्यात सवलत आहे, तरी आकडा तीस हजारांच्या वरच. बॅगा विकून स्वतःला एवढा पगार द्यायचा, तर पुण्याहून अख्खी लक्ष्मी रोडच उचलून आणावी लागेल.

मग करायचं काय? एक बदल कामाचा आहे. 25 नोव्हेंबर 2025 पासून, कोर्स पूर्ण करून इनोव्हेटर फाउंडरसाठी अर्ज टाकलेला विद्यार्थी निकालाची वाट बघता बघता धंद्याला लागू शकतो. म्हणजे आयडिया खरंच नवी असेल, तर ग्रॅज्युएट व्हिसाची दोन वर्षं मध्ये घालवायलाच हवीत असं नाही. आणि दुसऱ्याच्या आधीच चालू असलेल्या धंद्यात सामील होऊन हा व्हिसा मिळत नाही, हेही लक्षात ठेवा. म्हणून दुकान मांडायच्या आधी अधिकृत इमिग्रेशन सल्लागाराला भेटा, नंतर नको. कॉलेजच्या करिअर ऑफिसला विचारलंत, तर फुकटात निदान दिशा तरी कळेल.

मैत्रिणीने आता दोन फायली केल्यात. एकीत नवा प्लॅन आहे. खणाचे उरलेले तुकडे आणि जुन्या साड्या यांच्यापासून मजबूत शीट बनवायची पद्धत ती एका टेक्स्टाइलवाल्याबरोबर तपासून बघतेय, म्हणजे ‘नवीन काय?’ला उत्तर असेल. दुसरीत तिच्या लिमिटेड कंपनीचे कागद. ब्रिटिश कंपनीच्या संचालकाने ब्रिटनमध्येच राहिलं पाहिजे असा नियम नाही. नोंदणीचा पत्ता तिथला लागतो, बस्स. शिलाई पुण्यात, विक्री लेस्टरमध्ये आणि मालकीण कोथरूडच्या घरी. आईला ही दुसरी फाइल जास्त आवडलीय. मैत्रीण मात्र सध्या पहिलीवरच रात्री जागवतेय.