निळ्या चौकोनाची वाट

अमेरिकेच्या यूटा राज्यातील मोआब हे छोटेसे गाव डोंगरवाटांवर सायकल चालविणाऱ्यांना चांगलेच परिचित आहे. गावाच्या उत्तरेस ‘सर्कल ओ’ नावाची सुमारे 3 मैलांची, म्हणजे पाच किलोमीटरांहूनही थोडी लहान अशी वाट आहे. तिकडे सोप्या वाटेला हिरवे वर्तुळ, मध्यमला निळा चौकोन आणि कठीण वाटेला काळा हिरा अशी खूण असते. ‘सर्कल ओ’ ही निळ्या चौकोनाची वाट.

ती बहुतांशी उघड्या वालुकाश्मावरून जाते. पूर्वी घोड्यांचे लोखंडी नाल या खडकावरून घसरत, म्हणून त्याला ‘स्लिकरॉक’, म्हणजे निसरडा खडक, हे नाव पडले. रबरी टायर मात्र कोरड्या खडकाला घट्ट धरून राहतो. मार्ग खडकावर रंगवलेल्या खुणांनी दाखविलेला आहे. या खुणा सोडू नयेत, यामागे केवळ वाट चुकण्याचे भय नाही. आजूबाजूच्या वाळूवर दिसणारा काळसर, खडबडीत थर सजीव आहे. सूक्ष्म नीलहरित जीवाणू, दगडफूल आणि शेवाळ यांनी वाळूचे कण बांधून तो घडविलेला असतो. तो जमिनीची धूप थांबवितो, तिला नत्र पुरवितो. चाकाच्या एका फेऱ्याने तो मोडतो आणि पूर्ववत होण्यास कित्येक वर्षे, कधी अनेक दशके लागतात.

येथे श्रावकाच्या मनात प्रश्न उभा राहतो. निव्वळ आनंदासाठी केलेले असे भ्रमण उचित आहे काय? आचार्य समंतभद्रांनी ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त निष्प्रयोजन भटकण्याची गणना प्रमादचर्येत, म्हणजेच अनर्थदंडात केली आहे. हा इशारा हलका मानता येणार नाही. शरीर सुदृढ राखणे हे गृहस्थाचे रास्त प्रयोजन होय. परंतु वेगाची धुंदी हे प्रयोजन नव्हे, तो प्रमादच.

ईर्यासमिती पाळणारे मुनी चार हात पुढची भूमी पाहून पाऊल टाकतात. ताशी 15 किलोमीटर वेगाने जाणारी सायकल हेच अंतर अर्ध्या सेकंदात ओलांडते. म्हणून स्वाराने दृष्टी दूर ठेवावी, आणि जेवढे पाहून वेळीच थांबता येईल तेवढाच वेग ठेवावा. कुशल स्वारही हेच सांगतात: नजर पुढच्या चाकावर नको, वळणापलीकडे हवी, ब्रेक वळणाआधी हळुवार दाबावा, चाक जखडून फरफटत नेऊ नये, कारण त्याने माती नांगरल्यासारखी उखडते, समोरून पायी येणाऱ्यास वाट द्यावी. पावसाने भिजलेल्या मातीच्या वाटेवर तर जाऊच नये, हा नियमही तेथे आहे. चातुर्मासात विहार थांबविणाऱ्या परंपरेला तो नवा वाटणार नाही.

आपल्याकडेही मुले आता गिअरच्या सायकली घेऊन टेकड्यांवर जातात. त्यांना अडविण्याचे कारण नाही. मात्र पहिल्या पावसानंतर, मातीतून मृगाचे तांबडे किडे वर येतात त्या दिवसांत, सायकल घरी ठेवावी. एरवी मळलेली वाट सोडू नये, गवतातून नवी वाट पाडू नये आणि अंधार पडण्यापूर्वी परतावे. सायकल हाती देताना एवढे त्यांना जरूर सांगावे.