होल्मन, जेम्स

(१५ ऑक्टोबर १७८६–२९ जुलै १८५७). अंध ब्रिटिश प्रवासी व प्रवासवर्णनकार. जन्म इंग्लंडमधील एक्सिटर येथे एका औषधविक्रेत्याच्या कुटुंबात. १७९८ मध्ये तो नौदलात दाखल झाला व १८०७ मध्ये लेफ्टनंट झाला. १८१० मध्ये अमेरिकेच्या किनाऱ्यालगत कामगिरीवर असताना त्यास सांध्यांचा विकार जडला. पुढे दृष्टीही अधू होऊन वयाच्या पंचविसाव्या वर्षी त्यास पूर्ण अंधत्व आले. १८१२ मध्ये विंझर येथील ‘नेव्हल नाइट्स’ मध्ये त्याची नेमणूक झाली. तेथे निवासाची सोय होती व नित्य प्रार्थनेस उपस्थित राहणे एवढेच काम होते. तथापि हे बैठे जीवन त्यास मानवले नाही. प्रकृतीच्या कारणास्तव वेळोवेळी रजा घेऊन त्याने प्रवास केले.

१८१९–२१ मध्ये तो फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड इ. देशांत हिंडला. काही वेळा गाडीला दोरी बांधून व तिचे टोक हाती धरून तो मागून पायी चाले. १८२२ मध्ये रशियामार्गे पृथ्वीप्रदक्षिणा करण्यासाठी तो निघाला व सायबीरियातील इर्कूट्स्कपर्यंत पोहोचला. परंतु हेरगिरीच्या संशयावरून झारच्या आज्ञेने त्यास पहाऱ्यात पोलंडच्या सरहद्दीवर आणून सोडण्यात आले. १८२७–३२ मध्ये त्याने आफ्रिका, ब्राझील, श्रीलंका, भारत, चीन, ऑस्ट्रेलिया इ. प्रदेशांतून प्रवास करून पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. त्याचा वृत्तांत *अ व्हॉयेज राउंड द वर्ल्ड* या ग्रंथाच्या चार खंडांत (१८३४-३५) प्रसिद्ध झाला.

काठीच्या टोकाचा आवाज व त्याचा प्रतिध्वनी यांवरून तो परिसराचा अंदाज घेई. लेखनासाठी तो ‘नॉक्टोग्राफ’ हे साधन वापरी. त्यातील चौकटीवर ताणलेल्या तारांमुळे ओळी सरळ राहत व कार्बनयुक्त कागदामुळे शाईवाचून अक्षरे उमटत.

जे पाहताच आले नाही, त्याचे वर्णन कसे विश्वसनीय मानावे, असा आक्षेप त्याच्यावर घेण्यात आला. सायबीरियाचा पादचारी प्रवासी जॉन डंडस कॉक्रन याने तर त्याच्या प्रवासाची थट्टाच केली. डोळस प्रवासी वरवरच्या दर्शनावर समाधान मानतो. अंधास मात्र प्रत्येक गोष्ट चौकशी करून पडताळावी लागते, असे होल्मनचे उत्तर होते. कीलिंग बेटांच्या किनाऱ्यास समुद्रातून वाहत येणाऱ्या बियांची, तेथे राहिलेल्या एका गृहस्थाकडून मिळालेली माहिती त्याने नोंदविली; पुढे चार्ल्स डार्विनने आपल्या प्रवासवृत्तांत तिचा आधार घेतला. स्थलवर्णनापेक्षा अशा विचारपूस करून जमविलेल्या माहितीतच त्याच्या लेखनाचे बळ आहे.

१८२६ मध्ये तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. पुढे मात्र अंध प्रवाशाचे नावीन्य ओसरून तो विस्मृतीत गेला. अखेरीस लिहिलेले त्याचे आत्मवृत्त अप्रकाशितच राहिले. लंडन येथे त्याचे निधन झाले. २००६ मध्ये जेसन रॉबर्ट्सने लिहिलेल्या चरित्रामुळे त्याच्या कार्याकडे पुन्हा लक्ष वेधले गेले.