शुश्रूषा करणारांचे हात

हात धुण्याचें महत्त्व आमच्या वाचकांस नव्यानें सांगावें अशी स्थिति नाहीं. बाहेरून आल्यावर हातपाय धुवावे, उष्ट्या हातानें कशासही शिवूं नये, हें आपल्या घरांतील मुलें अक्षरओळखीच्या आधींच शिकतात. परंतु रुग्णालयांत दिवसभर दुसऱ्याच्या खोकल्यापुढें उभें राहणाऱ्या डॉक्टरांस व परिचारिकांस हेंच साधें कर्म किती कठीण जातें, ह्याचा विचार आपण फारसा करीत नाहीं.

सन २००३ मध्यें ‘सार्स’ नांवाच्या फुप्फुसाच्या रोगानें तो जगास करावयास लाविला. त्या वर्षीं फेब्रुवारींत चीनमधील ग्वांगझौ येथले एक डॉक्टर हाँगकाँगच्या एका हॉटेलांत उतरले. आपल्या शहरीं ह्या रोगाच्या रोग्यांवर उपचार करितांना त्यांस त्याची बाधा झाली होती. त्या हॉटेलांतून तो विषाणु हनोई, सिंगापूर व टोरँटो येथपर्यंत गेला. हनोईंत ह्या रोगाविषयीं जगास सावध करणारे इटालियन डॉक्टर कार्लो उर्बानी स्वतःच त्याला बळी पडून २९ मार्च रोजीं वारले. सांथ संपली तेव्हां ८,०९६ रोगी व ७७४ मृत्यु मोजले गेले. त्या रोग्यांपैकीं १,७०६ जण रुग्णसेवा करणारे होते. म्हणजे पांचांत एकाहून अधिक!

हाँगकाँगमधील पांच रुग्णालयांत, रोग्यांशीं निकट संबंध आलेल्या २५४ सेवकांची तेव्हां चौकशी झाली. त्यांतील १३ जणांस रोग जडला होता. मुखपट्टी, हातमोजे, अंगरखा व हात धुणें हे चारही उपाय केल्याचें ६९ जणांनीं सांगितलें. त्यांत एकासही बाधा झाली नव्हती. उलट, ज्या तेरांस ती झाली, त्यांतील प्रत्येकानें निदान एक उपाय वगळलेला होता. न्यायानें बोलावयाचें तर ह्या चार उपायांत मुखपट्टीचेंच पारडें सर्वांत जड ठरलें. मग हातांचें एवढें स्तोम कशास, असें कोणी विचारील.

खोकल्याचे तुषार खाटेच्या दांडीवर, चादरीवर, सेवकाच्या बाहीवर, फार काय, त्याच्या मुखपट्टीच्या बाहेरच्या अंगावरही बसतात. तेथून बोटास आणि बोटावरून डोळ्यास किंवा नाकास, हा प्रवास नकळत घडतो. हातमोज्यांचा भरंवसा तर विशेष फसवा. तेच मोजे घालून चार रोग्यांस स्पर्श केला, तर सेवकाचा हात कोरा राहील, पण एकाचा रोग दुसऱ्यास पोंचेल. आणि मोजा उतरवितांना त्याची मळलेली बाजू बोटांस लागण्याचा संभव असतोच. म्हणून मोजे प्रथम काढावे, मुखपट्टी शेवटीं, तीही बंदांस धरून, आणि मग हात धुवावे, असें शिकवितात. पाळी संपल्यावर थकलेल्या माणसाकडून हा क्रम चुकतो, आणि आमच्या मतें खरा घात तेथेंच होतो.

अशा विषाणूंवर स्निग्ध द्रव्याचें वेष्टन असतें. साबण तें मोडून टाकतो. मात्र त्यास वेळ द्यावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमाप्रमाणें साबणपाण्यानें ४० ते ६० सेकंद, मद्यार्काच्या द्रावानें २० ते ३० सेकंद. पळीभर पाण्यानें आचमन होईल, हात धुतला जाणार नाहीं. रोग्यास स्पर्श करण्यापूर्वीं, केल्यानंतर, त्याच्या खाटेस हात लागल्यावरही ही शुद्धि सांगितली आहे. एका परिचारिकेकडे वीस खाटा असल्यास वाचकांनींच हिशेब करावा! नळ दालनाच्या टोंकाला असेल तर तिनें जावें केव्हां? तेव्हां तिला उपदेश करण्यापेक्षां द्रावाची बाटली खाटेजवळ ठेवणें अधिक उपयोगाचें. हात दिसण्याइतका मळला असला, तर मात्र साबणच हवा.

सन २०२० च्या करोनाच्या सांथींत आमच्या परिचयाच्या एका घरची सून परिचारिका होती. घरीं येतांच ती कोणासही न शिवतां न्हाणीघरांत जाई. दोन वर्षांचें मूल दारांतच हात पसरून रडे, आणि “आई असून लेकराला जवळ घेत नाहीं,” असें शेजारणी बोलत. सासूबाईंनीं आठवडाभर तें ऐकलें. मग त्या म्हणाल्या, “सोंवळ्यांत आम्हांला कोणी शिवलेलें चालत नसे, तेव्हां हीच मुलें रडत होतीं, तेव्हां नाहीं कोणी बोललें!” दुसऱ्या दिवसापासून पायरीशीं पाण्याची बादली व साबण त्या स्वतः ठेवूं लागल्या, आणि सुनेचें स्नान होईपर्यंत नातवाला कडेवर घेऊन माजघरांत उभ्या राहूं लागल्या.