हनुवटीपर्यंतचा बोर्ड आणि इतर समजुती

जबलपूरजवळच्या पाटनला आभाळातून बर्फ पडतो तो गारांच्या रूपात, आणि तो पडला की मटारवाल्यांच्या पोटात गोळा येतो. हौसेने घसरायचा बर्फ हवा असेल तर उत्तरेची वाट धरावी लागते. ती वाट आता पूर्वीइतकी बिकट राहिलेली नाही. जबलपूरहून कटऱ्यापर्यंत थेट गाडी आहे, जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारत धावते, आणि श्रीनगरहून गुलमर्ग पन्नासेक किलोमीटर. बर्फ जास्त असला तर तंगमर्गला चाकांना साखळ्या लावलेली गाडी घ्यायची, की पोचलात. स्कीइंगचं प्रशिक्षण देणारी सरकारी संस्था तिथे कित्येक दशकांपासून आहे आणि २०२० पासून खेलो इंडियाचे हिवाळी खेळही तिथे होतात. त्यामुळे जबलपूर, नागपूर, पुण्याकडची मराठी पोरं हल्ली नुसती बर्फात फोटो काढून परतत नाहीत. पहिल्या वर्षी भाड्याच्या स्नोबोर्डवरून आपटतात आणि दुसऱ्या वर्षी स्वतःचा बोर्ड घ्यायचं मनात आणतात. मग कोणी भाऊ टोरोंटोहून येणार असतो, कोणी दुबईत असतं, आणि ‘येताना एक ऑल-माउंटन बोर्ड घेऊन ये’ असा निरोप जातो.

गोंधळ इथूनच सुरू होतो, कारण निरोप देणाऱ्याला दोनच गोष्टी ठाऊक असतात: आपली उंची आणि बोर्डाचा आवडलेला रंग.

‘ऑल-माउंटन म्हणजे सगळीकडे चालतो, मग कुठलाही घ्या’

सगळीकडे चालतो हे खरं. सगळीकडे सारखाच चालतो हे मात्र खोटं. एका टोकाला पार्कचे बोर्ड असतात: मऊ, दोन्ही टोकांना सारखे, उड्या आणि गिरक्यांसाठी. दुसऱ्या टोकाला फ्रीराइडचे: कडक, लांब नाकाचे, खोल ताज्या बर्फात वेगाने उतरण्यासाठी. या दोहोंमधला सगळा मुलूख कंपन्यांनी ऑल-माउंटन या एका नावाखाली घातला आहे. त्यामुळे प्रत्येक ऑल-माउंटन बोर्ड कुठल्या तरी बाजूला झुकलेला असतोच. कॅपिटाचा ‘डीओए’ पार्ककडे झुकतो, जोन्सचा ‘माउंटन ट्विन’ डोंगराकडे. पाटी दोघांवरही तीच.

आणि डोंगर तरी कुठे एक आहे? टोरोंटोच्या मराठी मंडळींची शनिवार-रविवारची धाव ब्लू माउंटनपर्यंत. तिथला उतार लहान, बर्फ कडक, सकाळी तर आरशासारखा. तिथे बोर्डाची पोलादी कड, जिला सगळे एजच म्हणतात, ती धरून ठेवणारा बोर्ड हवा. व्हँकुव्हरकडच्यांना व्हिस्लर जवळ. समुद्राच्या वाऱ्याने तिथला बर्फ ओलसर आणि जड. कोलोरॅडोत कोरडा, पिठासारखा. दुबईत मॉल ऑफ द एमिरेट्समध्ये २००५ पासून छताखाली उतार आहे, सर्वांत लांब मार्ग चारशे मीटरचा, आणि ताजा खोल बर्फ तिथे मिळणारच नाही. म्हणजे भाऊ ज्या दुकानातून बोर्ड आणणार, त्या दुकानदाराची शिफारस त्याच्या गावच्या बर्फापुरती असते. तुम्ही कुठे उतरणार आहात हे निरोपात आधी लिहा, रंग नंतर.

‘उभा धरल्यावर हनुवटीला लागला की माप बरोबर’

ही सर्वांत चिवट समजूत. भाड्याच्या दुकानात रांग लागलेली असताना ती सोयीची आहे. तिथला पोरगा तुम्हाला वजन विचारत बसत नाही, बोर्ड शेजारी उभा करतो आणि हातात देतो. विकत घेताना मात्र ती फसवते.

पाच फूट पाच इंचांचे दोघेजण घ्या. एकाचं वजन ५५ किलो, दुसऱ्याचं ८२. हनुवटीचा नियम दोघांच्या हातात एकच बोर्ड ठेवतो. पण बोर्डाला तुमची हनुवटी कळत नाही. त्याला कळतं ते त्याच्यावर पडणारं वजन. त्या वजनाने तो वाकतो आणि वाकल्यावरच एज बर्फात वळण कापते. ५५ किलोवाल्याला १४८ सेंटिमीटरच्या आसपासचा बोर्ड सहज वाकवता येईल. ८२ किलोवाला त्याच बोर्डावर वेगात गेला की टोकं फडफडू लागतील आणि खोल बर्फात नाक खाली बुडेल. त्याला १५८ च्या जवळपास जावं लागेल. म्हणूनच चांगल्या कंपन्या प्रत्येक मॉडेलच्या प्रत्येक लांबीपुढे वजनाचा पट्टा छापतात. तो तक्ता पाहायचा, त्यात आपलं खरं वजन शोधायचं (दिवाळीआधीचं नव्हे), आणि पाठीवर रोज सामान घेऊन फिरणार असाल तर पट्ट्याच्या वरच्या टोकाकडे सरकायचं. उंचीचा संबंध येतो तो दोन पायांमधल्या अंतरापुरता.

लांबीतही एक मेख आहे. दोन बोर्ड १५५ चेच असले तरी बर्फाला टेकणाऱ्या एजची लांबी दोघांची वेगळी असू शकते, कारण नाक-शेपटीचा उचललेला भाग कमी-जास्त असतो. नुसता १५५ हा आकडा त्यामुळे फार काही सांगत नाही.

‘रुंदीचं काय एवढं?’

रुंदीचंच तर आहे. बोर्ड मधोमध सर्वांत अरुंद असतो, त्याला कंबर म्हणतात. साध्या बोर्डाची कंबर २५० मिलिमीटरच्या आगेमागे असते. यूके दहा नंबरचा पाय सुमारे २९ सेंटिमीटर, वर बूट त्याहून दोन-तीन सेंटिमीटर लांब. असा बूट साध्या बोर्डावर बांधला की टाचेकडून आणि चवड्याकडून बाहेर डोकावतो. थोडा डोकावायलाच हवा; दोन्ही बाजूंना साधारण एक ते दोन सेंटिमीटर ठीक. त्याहून जास्त झाला तर वळणात बोर्ड कलल्यावर बुटाचं टोक बर्फात घासतं, एज सुटते आणि तुम्ही काही कळायच्या आत आडवे. दहा नंबरवाल्यांनी ‘वाइड’ लिहिलेलाच बोर्ड बघावा.

उलटही तितकंच खरं. सात नंबरच्या पायाला रुंद बोर्ड दिला तर बोटं एजपर्यंत पोचतच नाहीत. एका एजवरून दुसऱ्या एजवर जायला प्रत्येक वेळी जास्तीचा जोर लावावा लागतो, आणि दुपारपर्यंत पिंढऱ्या भरून येतात. माणसाला वाटतं आपलाच दम कमी पडतो.

दुकानात एवढं करा. बूट बाइंडिंगमध्ये, म्हणजे बोर्डावरच्या बूट धरणाऱ्या पकडीत, बसवा, ज्या कोनात उभे राहणार त्या कोनात बाइंडिंग फिरवा, बोर्ड जमिनीवर एजवर कलता करा आणि खाली वाकून बघा, फरशीला आधी काय टेकतंय.

‘एकदाच घेतोय, तर कडक आणि भारीतला घेऊ’

इथे आपला पिढीजात हिशेब आड येतो. शाळेचा शर्ट वाढत्या अंगाचा शिवायचा, तसा बोर्डही वाढत्या कौशल्याचा घ्यायचा. शर्टाच्या बाह्या दुमडता येतात. कडक बोर्ड मऊ करता येत नाही. कडक बोर्ड वेगात शांत राहतो, पण त्याला वाकवायला वेग आणि तंत्र दोन्ही लागतात. ते अंगी येईपर्यंत तोच तुम्हाला चालवतो. वर्षातून एक आठवडा बर्फावर जाणाऱ्याने कडकपणाच्या एक ते दहाच्या मापावर चार-पाचच्या वर जाऊ नये असं माझं मत आहे. वेगाची चटक लागलीच तर सहा. आठ-नऊवाले बोर्ड आठवड्यातले तीन दिवस डोंगरावर काढणाऱ्यांनी घ्यावेत.

शिवाय हे आकडे कुठल्याही मानकाचे नाहीत. एका कंपनीचा पाच दुसरीच्या सहाइतका कडक असू शकतो. हाताने वाकवून बघितल्याने लांबीतला कडकपणा थोडाफार कळतो, पण बोर्ड पीळ किती खातो ते नीट कळत नाही, आणि हळू वेगातली वळणं बरीचशी त्या पिळावरच होतात.

‘कॅम्बर उस्तादांचा, रॉकर नवशिक्यांचा’

निम्मं बरोबर, म्हणून जास्त धोक्याचं. बोर्ड फरशीवर ठेवा आणि वर्तमानपत्राचा कागद मधल्या भागाखालून सरकवा. कागद आरपार गेला आणि बोर्ड दोन टोकांजवळच टेकलेला असला तर तो कॅम्बर. मधला भाग टेकलेला आणि टोकं आधीपासूनच उचललेली असली तर रॉकर. कॅम्बरवर उभं राहिलं की त्याची कमान दबते, आणि पूर्ण एजवर दाब पसरतो. म्हणून कडक बर्फावर तो धरून ठेवतो. त्याच गुणामुळे चुकीच्या क्षणी उताराकडची एज बर्फात रुतते आणि नवखा माणूस सपाटून आपटतो. रॉकर चुका पोटात घालतो, खोल बर्फावर तरंगतो, पण घट्ट, बर्फाळ उतारावर निसटतो. म्हणजे रॉकरवर शिकलेला नवशिका पहिल्याच आइसी सकाळी घाबरतो, आणि दोष मात्र स्वतःला देतो.

आजचे बहुतेक ऑल-माउंटन बोर्ड दोहोंचं मिश्रण आहेत. पायांखाली कॅम्बर आणि टोकांकडे रॉकर ही मांडणी गुलमर्गला जाणाऱ्याला सर्वांत सोयीची. मर्विन कंपनीच्या लिब टेक आणि नू या बोर्डांची एज नागमोडी असते, सुरीच्या दात्यांसारखी. ती जाहिरातबाजी वाटते, पण कडक बर्फावर तिचा उपयोग होतो.

‘गुलमर्ग म्हणजे पावडर, म्हणून पावडर बोर्ड’

व्हिडिओंनी केलेला घोळ. त्यांत गुलमर्गच्या वरच्या अफरवाट डोंगराच्या उतारावर कमरेइतक्या ताज्या बर्फातून, म्हणजे पावडरमधून, धुरळा उडवत कोणीतरी उतरत असतं, आणि आपल्याला वाटतं तिकीट काढलं की तो बर्फ आलाच. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग जवळजवळ उघडं पडलं होतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये खेलो इंडियाचे तिथले हिवाळी खेळ बर्फ नाही म्हणून पुढे ढकलावे लागले आणि मार्चमध्ये झाले. आठवड्याची रजा घेऊन जाणाऱ्याच्या वाट्याला काय येईल हे आधी सांगता येत नाही. एक-दोन दिवस ताजा बर्फ मिळेल, बाकीचे दिवस इतरांनी तुडवलेला, उंचसखल झालेला, दुपारी मऊ आणि सकाळी गोठलेला.

उंचीचाही फरक आहे. गाव सुमारे २,६५० मीटरवर. गंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, पहिला टप्पा कोंगदुरीपर्यंत, तीन हजारांच्या थोडा वर. दुसरा अफरवाटच्या खांद्यावर, ३,९५० मीटरच्या घरात. वर हिवाळ्यात कोरडा बर्फ असतो त्या दिवशी खाली झाडीत तो ओला आणि जड असू शकतो. आखूड, फुगीर नाकाचा पावडर बोर्ड वर राजा असतो. खालच्या कडक वाटांवर त्याला एज धरवत नाही. मी तरी डायरेक्शनल ट्विन घेईन: दिसायला दोन्ही टोकं सारखी, पण पायांची जागा किंचित मागे सरकवलेली. ताज्या बर्फात नाक वर राहतं आणि एरवी दोन्ही दिशांनी घसरता येतं.

‘मला कुठे उड्या मारायच्यात, ट्विन कशाला’ असं म्हणणाऱ्यांसाठी इतकंच: अरुंद वाटेत उलट्या पायाने दहा मीटर उतरावं लागतं तेव्हा ट्विनची किंमत कळते. १९६५ साली मिशिगनमध्ये शर्मन पॉपेन यांनी मुलींसाठी दोन स्की जोडून स्नोबोर्डचा पूर्वज असलेला पहिला ‘स्नर्फर’ बनवला, त्याच्या नाकाला दोरी होती आणि दिशा एकच. नागानोच्या १९९८ च्या ऑलिंपिकपर्यंत खेळ कुठल्या कुठे गेला; बोर्ड दोन्ही टोकांनी चालू लागला.

‘लेडीज बोर्ड म्हणजे गुलाबी बोर्ड’

नाही. कंबर अरुंद आणि कमी वजनाला वाकणारा म्हणजे लेडीज बोर्ड. सहा नंबरच्या पायाचा, बावन्न किलोचा कोणी पुरुष असेल तर त्याने तोच घ्यावा, आणि दहा नंबर पायाच्या उंच मुलीने पुरुषांचा. बोर्डाला बाकी काही विचारायचं नसतं.

‘बूट काय, भाड्याचे चालतील’

उलटं करा. पैसे मोजकेच असतील तर बूट विकत घ्या आणि बोर्ड भाड्याने. भाड्याचे बूट अनेक पायांनी सैल झालेले असतात. त्यात टाच उचलली गेली की तुम्ही दिलेला जोर एजपर्यंत पोचायच्या आत हरवतो, मग बोर्ड कितीही महागाचा असो. बोटं पुढे हलकेच टेकलेली आणि टाच जागची न हलणारी, असा बूट हवा. ‘जाड मोजे घालू’ म्हणून एक नंबर मोठा घेणं ही आपल्याकडची खास चूक. मोजा एकच, पातळ.

भाड्याचा बोर्ड घेताना तळावर बोट फिरवून खोल चर बघा, एजला गंज आहे का बघा, बाइंडिंगचे स्क्रू हाताने हलवून बघा आणि पट्ट्यांची रॅचेट दोनदा लावून-सोडून बघा. दोन-तीन दिवसांत निरनिराळ्या लांबीचे बोर्ड वापरून झाले की आपल्याला काय मानवतं ते कुठल्याही तक्त्यापेक्षा नीट कळतं, आणि निरोप नेमका धाडता येतो.

स्वतःचा घेतलाच, तर घरी आल्यावर त्याला विसरू नका. आपल्या पावसाळ्यात दमट पिशवीत ठेवलेल्या बोर्डाची एज तांबडी होते. कोरडा पुसून, तळावर आणि एजवर मेणाचा जाड थर देऊन, पत्र्याच्या छपराखालचा तापलेला माळा सोडून कुठेही ठेवा.

‘बोर्ड चांगला असला की दुसरा टप्पा जमतो’

दुसऱ्या टप्प्यावरचा बराचसा उतार नैसर्गिक आहे, कोणी दाबून सपाट केलेला नाही. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवाटवर हिमस्खलनात दोन पोलिश पर्यटक दगावले. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी एक रशियन. सराईत माणसंही हिमस्खलनात सापडतात, आणि बर्फाचा थर सुटला की बोर्डाचं मॉडेल कामाला येत नाही. वर जायचं तर अंगावर ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठाव देणारं यंत्र), पाठीवर फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसून शोधायची काठी), बरोबर ते वापरता येणारा सोबती आणि स्थानिक वाटाड्या, आणि त्या सकाळची स्की पेट्रोलची सूचना वाचलेली. यातलं एक जरी कमी असेल तर पहिल्या टप्प्यापर्यंतचं तिकीट काढावं. नवशिक्याला तिथला उतार दोन-तीन हंगाम पुरतो.