डोंगरातील जीप : इतिहास, मालकांचा अनुभव आणि खरेदीचा हिशेब

नंदुरबार जिल्ह्यात डोंगराच्या बाजारावर पोट असलेल्या व्यापाऱ्याचे भांडवल दोन ठिकाणी गुंतलेले असते. एक मालात आणि दुसरे गाडीत. मालात नुकसान झाले तर ते पुढच्या हंगामात भरून काढता येते. गाडी मात्र घाटात बसली, की त्या दिवसाचा बाजार, डब्यातला माल आणि दुरुस्तीचा पैसा असे तिन्ही एकदम जातात. बांगड्या घेऊन धडगावला जाणारा मणियार असो, मोलगीहून आमचूर व चारोळी आणणारा अडत्या असो, की बकऱ्यांचा व्यापार करणारा कुरेशी असो, प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी पडतो, की जुनी जीप घ्यावी की नवी पिकअप? या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी ही जीप आली कोठून आणि ती वापरणारे तिच्याविषयी काय सांगतात, हे पाहणे आम्हास आवश्यक वाटते.

‘महिंद्रा अँड मोहम्मद’

आपल्याकडे जीप म्हटले की महिंद्रा हे नाव तोंडी येते. परंतु या कंपनीचे पहिले नाव ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ असे होते, हे आमच्या अनेक वाचकांना ठाऊक नसेल. २ ऑक्टोबर १९४५ रोजी जगदीशचंद्र महिंद्रा, कैलाशचंद्र महिंद्रा हे दोघे बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी पोलादाच्या व्यापारासाठी ही पेढी सुरू केली. गुलाम मोहम्मद हे अलीगढचे पदवीधर. रेल्वेच्या हिशेब खात्यात त्यांनी नोकरी केली आणि पुढे हैदराबादच्या निजाम सरकारात अर्थखाते सांभाळले. १९४७ साली देशाची फाळणी झाली. गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले व त्या देशाचे पहिले अर्थमंत्री झाले. १९५१ ते १९५५ या काळात ते तेथील गव्हर्नर जनरल होते. इकडे १९४८ साली पेढीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले. ‘एम अँड एम’ अशी अक्षरे छापलेले कागद आधीच तयार होते, ते वाया जाऊ नयेत हेही या नावामागचे एक कारण होते, असे सांगितले जाते. व्यापारी माणसाला ही गोष्ट सहज पटावी अशीच आहे.

जीप मात्र या पेढीहून थोडी जुनी. १९४० साली अमेरिकन लष्कराला हलकी, चारही चाकांना जोर असणारी गाडी हवी होती. बँटम या लहान कंपनीने पहिला नमुना तयार केला. पुढे विलीस व फोर्ड या कंपन्यांनी महायुद्धात सहा लाखांहून अधिक गाड्या बनविल्या. विलीसचे इंजिन बार्नी रूस या अभियंत्याने सुधारले होते. युद्धकाळात कैलाशचंद्र महिंद्रा अमेरिकेत भारत सरकारच्या खरेदी मोहिमेचे काम पाहत होते. तेथे त्यांची व रूस यांची भेट झाली आणि ही गाडी भारतात आणण्याचा विचार पुढे आला. स्वातंत्र्यानंतर थोड्याच काळात सुट्या भागांच्या पेट्या मुंबईस येऊ लागल्या व माझगाव येथे जीप जोडल्या जाऊ लागल्या. १९५४ साली विलीसशी तांत्रिक सहकार्याचा करार झाला आणि हळूहळू बहुतेक भाग येथेच बनू लागले.

पेट्रोलवरून डिझेलवर

आरंभीची उंच बॉनेटची जीप पेट्रोलवर चाले. खेड्यापाड्यांत ती मुख्यतः सरकारी खात्यांकडे, लष्कराकडे व बड्या बागायतदारांकडे दिसे. ती सामान्य व्यापाऱ्याच्या आवाक्यात आली ती डिझेलमुळे. प्रथम ट्रॅक्टरच्या जातीचे इंटरनॅशनल इंजिन जीपमध्ये बसले. नंतर १९७९ साली फ्रान्सच्या प्युजो कंपनीकडून डिझेल इंजिनाचा परवाना घेण्यात आला. हे २,११२ सीसीचे इंजिन ‘एमएम ५४०’ व तिच्या भावंडांत बसविले गेले. त्यानंतर कमांडर, मार्शल व १९९३ साली अर्माडा अशा गाड्या आल्या. २००० साली बोलेरो, २००२ साली स्कॉर्पिओ, २०१० साली थार आणि २०२० साली नव्या बांधणीची थार बाजारात आली. यांतील अनेक गाड्या नाशिकच्या कारखान्यातून बाहेर पडल्या, त्यामुळे खानदेशाला ही घरचीच गाडी वाटते. याच काळात पुण्याच्या बजाज टेम्पो कंपनीची ट्रॅक्स आली. २००५ पासून या कंपनीचे नाव फोर्स मोटर्स झाले आहे. काळ्यापिवळ्या प्रवासी गाड्यांच्या धंद्यात ट्रॅक्स व क्रूझरने आपली जागा पक्की केली.

‘जीप’ या नावाचा कायदेशीर हक्क मात्र महिंद्राचा नाही. विलीसनंतर तो अमेरिकेत एका कंपनीकडून दुसरीकडे जात राहिला. त्या नावाच्या गाड्या २०१७ पासून पुण्याजवळ रांजणगाव येथे बनू लागल्या. महिंद्राने अमेरिकेत ‘रॉक्सर’ नावाची गाडी विकण्यास काढली, तेव्हा तिचा चेहरा जीपसारखा असल्याची तक्रार झाली. २०२० साली निकाल विरुद्ध गेल्यावर कंपनीला त्या गाडीचे रूप बदलावे लागले. आपल्या बोलीत मात्र अशा प्रत्येक गाडीला जीपच म्हणतात आणि या लेखातही आम्ही तोच शब्द वापरीत आहोत.

मालक काय सांगतात?

सातपुड्याचे घाट गाडीची खरी परीक्षा घेतात. तळोद्याकडून धडगावला जाताना चांदसैली घाट लागतो, अक्कलकुव्याहून मोलगीला जाताना देवगोई घाट आणि शहाद्याहून तोरणमाळला जाताना सातपायरीची वळणे. या रस्त्यांवर वर्षानुवर्षे गाडी चालविणाऱ्यांचे व त्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्री लोकांचे म्हणणे पुष्कळसे सारखे पडते.

जुन्या डिझेल जीपचा पहिला गुण म्हणजे ती कोठेही उघडता येते. तिच्यात संगणक नाही. डिझेल, हवा आणि दाब या तीन गोष्टी ठीक असल्या की इंजिन चालते. डिझेलच्या नळीत हवा शिरली तर ती काढण्याचे काम ड्रायव्हर रस्त्यातच करतो. पाटा तुटला तर लोहाराकडे किंवा पाटेवाल्याकडे सोय होते. भाग स्वस्त आणि तालुक्याच्या गावीही मिळणारे असतात.

तिचे दोष ठरलेले आहेत. चढावर ती गरम होते. याचे कारण बहुधा इंजिनात नसून रेडिएटरमध्ये असते. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने त्याच्या नळ्या आतून बुजतात व पाणी फिरत नाही. दुसरा दोष स्टिअरिंगचा. ठराविक वेगावर पुढची चाके थरथरू लागतात. किंगपिनचे बेअरिंग, टायरॉडचे टोक किंवा पाट्याचे बुश झिजल्याची ही खूण होय. तिसरा दोष प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसचा. ग्रीस वेळेवर दिले नाही तर गाडी सुटताना ‘टक्’ असा आवाज येतो. चौथा दोष पत्र्याचा. पावसाळ्यातील चिखल टपाच्या सांध्यांत राहतो आणि पत्रा खालून सडत जातो. वरून रंग मारला की तो दिसत नाही.

उतारावरील ब्रेकविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण तेथे प्रश्न जिवाचा असतो. ड्रम ब्रेक सतत दाबून ठेवला की तापतो आणि तापलेला ब्रेक पकड सोडतो. म्हणून ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम शास्त्रशुद्ध आहे. इंजिन स्वतःच गाडी रोखून धरते व ब्रेक प्रसंगासाठी शिल्लक राहतो. चारही चाकांच्या जीपमध्ये लहान दांडी ‘लो’वर घेतली तर हा रोध आणखी वाढतो, पण ती सोय चिखलासाठी व कच्च्या वाटेसाठी आहे. कोरड्या डांबरी रस्त्यावर चारही चाके जोडून वळणे घेतली तर पुढच्या व मागच्या चाकांना सारखे अंतर कापता येत नाही आणि तो ताण गिअर व शाफ्टवर येऊन ते मोडतात. अनेकांच्या जीपचा ट्रान्सफर केस याच कारणाने वाया गेला आहे.

नव्या गाड्यांची गोष्ट वेगळी. बोलेरो व तिची पिकअप यांची चौकट मजबूत, भार ओढण्याची ताकद चांगली आणि जुनी विकताना किंमत बरी येते, असे बहुतेक मालक सांगतात. मात्र एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस ६ नियमांमुळे डिझेल गाडीच्या धुरांड्यात काजळी अडविणारी गाळणी आली. ही गाळणी गरम झाल्यावर आपोआप साफ होते. ज्याची गाडी दिवसभर गावातल्या गावात थांबत थांबत फिरते, त्याची गाळणी साफ होत नाही व दिवा लागतो. अशा वेळी गाडी काही अंतर सलग चालवावी लागते. सेन्सर बिघडला तर रस्त्यातला मिस्त्री हतबल होतो आणि यंत्र लावून दोष पाहणारे वर्कशॉप गाठावे लागते. नवी गाडी म्हणजे दोषच नाही, असेही नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये महिंद्राने कॅमशाफ्टमधील संभाव्य दोषासाठी १,५७७ डिझेल थार तपासणीस परत बोलाविल्या होत्या. कंपनी आपणहून गाडी बोलावते तेव्हा ते काम मोफत होते. असा निरोप आला तर आळस करू नये.

कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवावा?

मालकाचा अनुभव मोलाचा, परंतु मालक तीन प्रकारचे असतात. पहिला हौशी. त्याला आपल्या गाडीचे कौतुक असते. दुसरा गाडी विकावयास काढलेला. तो दोष सांगत नाही. तिसरा वहीत हिशेब ठेवणारा. ‘गाडी कशी आहे?’ असे विचारण्याऐवजी ‘गेल्या वर्षी बाजाराचे किती दिवस बुडाले आणि दुरुस्तीस किती लागले?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला मत मिळते, दुसऱ्याला हिशेब मिळतो. गाडी विश्वासू आहे की नाही, हे बुडालेल्या दिवसांवरूनच ठरते.

येथे विकणाऱ्या बंधूंनाही एक गोष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. धान्याच्या ढिगात वरून कोरडे व आत ओले धान्य ठेवणाऱ्या व्यापाऱ्यास प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी कसे फटकारले, हा प्रसंग हदीसमध्ये सर्वांना ठाऊक आहे. सडलेल्या पत्र्यावर रंग मारून जीप विकणे आणि ओल्या धान्यावर कोरडे पसरणे यांत फरक तो कोणता? आणि हा दोष घाटात उघडा पडला, तर नुकसान नुसत्या पैशाचे राहत नाही.

घेताना काय पहावे?

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा त्याचे दात पाहतो, त्याला चालवून पाहतो आणि मगच भाव बोलतो. जीपचेही तसेच करावे. गाडी थंड असताना जाऊन स्वतः स्टार्ट करावी. मालकाने आधीच गरम करून ठेवलेली गाडी आपला दोष लपविते. सुरू होताना निळा धूर आला व तो थांबेना, तर रिंग-पिस्टनचे काम जवळ आले असे समजावे. चौकटीवरील वेल्डिंग खाली वाकून पहावे. चढावर चालवून पाण्याचा काटा पहावा.

कागदांची तपासणी इंजिनाइतकीच महत्त्वाची आहे. चेसिस नंबर व इंजिन नंबर पुस्तकाशी ताडून पहावा. बँकेचा बोजा असल्यास तो उतरविल्याचा फॉर्म ३५ घ्यावा. मालकी बदलण्यासाठी फॉर्म २९ व ३० लागतात. गाडी दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतून आली असल्यास ना-हरकत पत्र मागावे. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला, म्हणून येथील जुन्या जीप एमएच १८ क्रमांकाच्या व नंतरच्या एमएच ३९ च्या आढळतात. पंधरा वर्षे झालेल्या खासगी गाडीची नोंदणी पुन्हा करावी लागते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. तो खर्च किमतीत धरावा. जुन्या जीपचे रूप बदलून घेण्याची हौसही महाग पडते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मूळ बांधणीत बदल करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली स्पष्ट केले आहे.

भागीदारीचा मार्ग

अनेक बंधू व्याज टाळण्यासाठी नव्या गाडीचे कर्ज घेत नाहीत व रोखीत मिळेल ती जुनी गाडी घेतात. हा हेतू चांगला आहे. परंतु रोख अपुरी म्हणून मोडकी गाडी घेण्यापेक्षा दोघा-तिघांनी शिरकतीत चांगली गाडी घेणे अधिक शहाणपणाचे. धडगावचा बाजार एकाचा व मोलगीचा दुसऱ्याचा असेल तर एकच पिकअप दोघांना पुरते. मात्र पुस्तकावर नाव एकाचेच लागते आणि विम्याची भरपाईही त्याच्याच नावे येते. म्हणून कोणाचे किती पैसे, कोणता दिवस कोणाचा, दुरुस्ती कोण करील, अपघात झाल्यास काय, आणि एकाला बाहेर पडावयाचे असल्यास किंमत कशी ठरेल, हे स्टॅम्पपेपरवर साक्षीदारांसमोर लिहून काढावे. सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश आहे. ‘आपापसात आहे, लिहिण्याची काय गरज?’ असे म्हणणाऱ्यांचीच भांडणे पुढे जमातीपुढे येतात.

आमचे मत थोडक्यात असे. ज्याचा धंदा कच्च्या वाटेच्या पाड्यांपर्यंत जातो व ज्याच्या घरात कोणाला मिस्त्रीकाम येते, त्याने जुनी चार चाकांची डिझेल जीप घ्यावी. ज्याचा माल जड आणि रस्ता डांबरी, त्याने पिकअप घ्यावी. भाड्याने माल वा प्रवासी न्यावयाचे असतील तर खासगी नोंदणीवर ते करू नये, कारण अपघात झाल्यास विमा कंपनी हात वर करते आणि सारी भरपाई घरावर येते. गाडी कोणतीही असो, तिची एक वही ठेवावी. डिझेल, ऑईल, दुरुस्ती आणि बुडालेला दिवस हे चार रकाने पुरेत. एका वर्षाने तीच वही सांगेल की गाडी आपल्याला पोसते आहे, की आपण गाडीला.